मुलांसाठी पाळीव उंदीर आणताना: तयारी, कामांचा क्रम आणि वारंवार होणाऱ्या चुका

दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर इंदूरमधल्या ओळखीच्या मराठी घरांतून मला जवळजवळ सारखेच फोन येतात. मुलाने हट्ट केला म्हणून उंदीर आणले, पहिले पंधरा दिवस त्याने सगळे हौसेने केले, आणि आता पिंजऱ्याला वास येतो, एक उंदीर सारखा शिंकतो, मुलगा तिकडे फिरकत नाही, काय करावे? अशा बहुतेक घरांत क्रम उलटा लागलेला असतो. आधी उंदीर येतात, मग पिंजरा येतो, मग खाण्याची चौकशी होते, आणि रोजचे काम कोणी करायचे हा प्रश्न सर्वांत शेवटी, प्राण्याचे हाल झाल्यावर निघतो. इथे उंदीर म्हणजे मोठा पाळीव रॅट, लहान माऊस नव्हे. पुढचे टप्पे इथे दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत, आणि एक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढच्याला हात घालू नये.

टप्पा १: मोठा माणूस, खोली आणि डॉक्टर

घरातील एका प्रौढ व्यक्तीने सर्वांसमोर सांगावे की हे उंदीर माझ्या जबाबदारीचे आहेत. मुलाकडे कामे सोपवता येतात, पण जीव सोपवता येत नाही. दहा वर्षांचे मूल परीक्षेच्या आठवड्यात पाणी बदलायला विसरणार, हे गृहीत धरूनच व्यवस्था लावावी लागते. ‘आजी दिवसभर घरी असतेच, ती बघेल’ असे आजीला न विचारता ठरवणे ही या टप्प्यावरील सर्वांत मोठी चूक आहे.

पाळीव उंदीर साधारणपणे दोन ते तीन वर्षे जगतो. मूल पाचवीत असताना आणलेला उंदीर ते सातवी-आठवीत जाईपर्यंत घरात असेल, आणि त्याचे म्हातारपण नेमके मुलाची शाळा, क्लास आणि मित्र वाढण्याच्या काळात येईल, हे आजच मोजून ठेवावे.

त्यानंतर खोली ठरवावी. उंदराला घाम येत नाही. शरीरातील उष्णता बाहेर टाकायला त्याला शेपटीचा मोठा आधार असतो, पण तो पुरत नाही, त्यामुळे खोलीचे तापमान ३० अंशांच्या वर गेले की त्याला त्रास होऊ लागतो. इंदूरमध्ये मे महिन्यात बाहेर पारा ४० च्या वर जातो. भर दुपारी ३० अंशांच्या आत राहणारी एकही खोली घरात नसेल, तर उंदीर आणू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर शहरात पुष्कळ आहेत, पण उंदीर तपासण्याची सवय प्रत्येकाला नसते. ‘आपण उंदीर तपासता का?’ हे फोनवर आधीच विचारून घ्यावे, आणि महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातही चौकशी करून ठेवावी. प्राणी तडफडत असताना डॉक्टर शोधायला लागू नये.

इशारा: घरात रानटी उंदरांसाठी विषाच्या वड्या, चिकट गोंदाचे पुठ्ठे किंवा भिंतीच्या सॉकेटला लावायचे आवाजाचे यंत्र असेल, तर ते आधी काढावे. उंदराला उलटी करता येत नाही, त्यामुळे एकदा पोटात गेलेले विष बाहेर पडत नाही. आणि आपल्याला ऐकू न येणारे उंच पट्टीतले आवाज त्याला स्पष्ट ऐकू येतात.

तपासणी: प्रौढाचे नाव, खोली आणि डॉक्टरांचा फोन, या तीन गोष्टी एका कागदावर लिहून झाल्या आहेत का?

टप्पा २: पिंजरा आणि त्याची जागा

दोन उंदरांसाठी सुमारे ७५ सेंटीमीटर लांब, ४५ सेंटीमीटर रुंद आणि ६० सेंटीमीटर किंवा अधिक उंच पिंजरा घ्यावा. सळ्यांमधील फट १.२ सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावी. तळ सपाट आणि बंद असावा, कारण जाळीवर सतत उभे राहिल्याने तळपायांना जखमा होऊन त्या चिघळतात. पक्ष्यांचा पिंजरा लहान पडतो, आणि माशांच्या काचेच्या टाकीत हवा खेळत नसल्यामुळे लघवीतला अमोनिया साचून राहतो.

आत लपायला जागा हवी: आडवे ठेवलेले मडके, पुठ्ठ्याचा खोका, जुन्या जीन्सचा टांगलेला झोळा. खाली कोऱ्या कागदाचे तुकडे किंवा जुन्या सुती कापडाचे तुकडे घालावेत. कापडाचे सुटे धागे मात्र कापून टाकावेत, कारण ते बोटांना गुंडाळले जातात. सुताराकडचा फुकटचा भुसा आणू नये. त्यात बारीक धूळ, प्लायवुडचा गोंद आणि चीड-देवदारासारख्या वासाच्या लाकडांचे कण असतात, आणि उंदराचे सर्वांत नाजूक अंग म्हणजे त्याची फुप्फुसे.

याच कारणाने पिंजरा देवघराजवळ ठेवू नये. उदबत्ती, धूप, कापूर आणि संध्याकाळची डासांची कॉइल यांचा धूर माणसाला जाणवत नाही इतका कमी असला तरी उंदराला बाधतो. गच्ची, बाल्कनी, स्वयंपाकघर आणि कूलरच्या झोताची थेट रेषा याही जागा टाळाव्यात.

टप्पा ३: रिकाम्या पिंजऱ्याची २१ दिवसांची तालीम

हा टप्पा बहुतेक घरी गाळला जातो, आणि तो गाळल्यामुळेच पुढचे बरेचसे बिघडते. पिंजरा मांडून झाल्यावर २१ दिवस त्यात उंदीर आणू नयेत. या काळात मुलाने रोज सकाळी बाटलीतले पाणी ओतून नवे भरावे, संध्याकाळी वाटी धुवावी, आठवड्यातून एकदा तळाचा कागद बदलावा आणि रोज संध्याकाळी अर्धा तास पिंजऱ्यापाशी जमिनीवर बसून गोष्टीचे पुस्तक वाचावे किंवा गृहपाठ करावा.

मूल विसरले, तर २१ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजू नयेत आणि रागावूही नये. फक्त किती दिवस चुकले आणि कोणत्या वारी चुकले, ते लिहून ठेवावे. तीन आठवड्यांनी ती नोंद पाहिली की व्यवस्था कुठे तोकडी पडते ते दिसते. क्लासच्या दिवशी पाणी राहत असेल, तर त्या वारचे पाणी मोठ्यांनी करायचे, असे उंदीर येण्यापूर्वीच ठरते. निम्म्याहून अधिक दिवस चुकले असतील, तर बेत वर्षभर पुढे ढकलावा. यात मुलाची नाचक्की नाही; एवढेच कळले की अजून वेळ आलेली नाही, आणि ते कोणत्याही प्राण्याला त्रास न होता कळले.

टप्पा ४: उंदीर निवडणे

दुकानात ‘सफेद चूहा’ म्हणून दोन वेगळे प्राणी दाखवले जातात: जेमतेम अंगठ्याएवढा होणारा लहान माऊस आणि २५० ते ५०० ग्रॅमपर्यंत वाढणारा रॅट. हा लेख रॅटविषयी आहे. पिल्लू असताना दोघांत गल्लत होते, म्हणून जाड शेपूट, मोठी पावले आणि बोथट, रुंद तोंड पाहून खात्री करावी.

रॅट कळपात राहणारा प्राणी आहे. एकटा ठेवलेला रॅट मलूल होतो आणि त्याची कसर दिवसातून दोनदा खेळणारे मूल भरून काढू शकत नाही. म्हणून दोन आणावेत, आणि दोन्ही एकाच लिंगाचे. नर-मादी एकत्र आले, तर पिल्ले सुमारे पाच आठवड्यांची होताच प्रजननक्षम होऊ शकतात, गर्भकाळ २१ ते २३ दिवसांचा असतो, एका वेतात आठ-बारा पिल्ले सहज होतात, आणि व्यालेल्या मादीला त्याच दिवशी पुन्हा गर्भ राहू शकतो. घरातल्या दुर्लक्षाची सुरुवात मी अनेकदा इथूनच झालेली पाहिली आहे: दोनाचे चौदा झाले, आणि मग कोणाला काय द्यायचे तेच कळेनासे झाले.

तपासणी: पिल्लू कानाजवळ धरून श्वास ऐकावा. चिवचिव किंवा घरघर ऐकू आली, तर त्या पिंजऱ्यातील एकही पिल्लू घेऊ नये.

टप्पा ५: पहिले दोन आठवडे

पहिले दोन दिवस उंदरांना हात लावू नये. फक्त पाणी, खाणे आणि जवळ बसून हलक्या आवाजात बोलणे. त्यानंतर पिंजऱ्याच्या दारात उघडा तळहात ठेवून त्यांनी आपणहून चढण्याची वाट पाहावी. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली हवा. शेपटीने कधीही उचलू नये, कारण शेपटीची कातडी सोलून निघते. मुलाने उंदीर नेहमी जमिनीवर बसूनच हातात घ्यावा. उभ्या मुलाच्या हातातून पडलेला उंदीर गंभीर जखमी होतो.

पाच वर्षांखालील मुलांना उंदीर हाताळू देऊ नये. मोठ्या मुलांनी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, उंदराचा मुका घेऊ नये आणि हाताळताना काही खाऊ नये. चावल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवून डॉक्टरांना दाखवावी. चावल्यानंतर किंवा ओरखड्यानंतरच्या तीन आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ किंवा सांधेदुखी झाली, तर ‘घरी उंदीर आहे’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण उंदराच्या दंशाचा एक ताप असतो आणि त्यावर वेळेत औषध मिळणे महत्त्वाचे असते.

टप्पा ६: रोजचे पाणी, खाणे आणि सफाई

रॅटला वजनाच्या दर १०० ग्रॅममागे दिवसाला सुमारे १० मिलिलिटर पाणी लागते. म्हणजे ३५० ग्रॅमचे दोन उंदीर मिळून रोज ७० मिलिलिटरच्या आसपास पितात, आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त. हा आकडा घरातील सर्वांना पाठ हवा, कारण भरलेली बाटली हा आपल्याला वाटतो तसा निर्धास्त होण्याचा पुरावा नसतो.

आमच्या घरी एका जूनमध्ये रोजच्या कामांच्या तक्त्यावर सलग दोन दिवस पाण्यापुढे बरोबरची खूण होती आणि बाटलीही भरलेली दिसत होती. बोअरिंगच्या जड पाण्याचे क्षार साचून नळीच्या टोकाची गोळी अडकली होती आणि थेंबभरही पाणी बाहेर येत नव्हते. मुलीने खोटे लिहिले नव्हते; ‘बाटली भरलेली आहे ना, बघ’ एवढेच मी तिला सांगितले होते आणि तिने तेवढेच पाहिले होते. उंदीर वाचले, पण त्या दिवसापासून आम्ही तक्ता बदलला. आता बाटलीवर मार्करने कालच्या पातळीची रेघ मारली जाते, बोटाने गोळी दाबून थेंब पडतो का ते पाहिले जाते, आणि तक्त्यात खुणेऐवजी पाणी किती मिलिलिटरने उतरले तो आकडा लिहिला जातो. शिवाय पिंजऱ्यात दुसरी बाटली कायम असते.

खाणे प्रत्येकी १५ ते २० ग्रॅम पुरते. तयार गोळी खाद्य मिळाले तर उत्तम. नाही तर दलिया, ज्वारी, बाजरी, ओट्स, बिनमिठाची शिजवलेली डाळ, आठवड्यातून दोनदा थोडे उकडलेले अंडे, आणि रोज गाजर, काकडी, दुधी, मटार यांपैकी काहीतरी. शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बिया बक्षिसापुरत्या, दोन-चार. सकाळच्या पोह्यांवरची शेव, नमकीन, जिलेबी, चॉकलेट, कच्चा राजमा, हिरवट बटाटा आणि कांदा देऊ नये. नरांना संत्र्या-मोसंबीची सालही देऊ नये. मुले प्रेमाने नेमकी शेव देतात, म्हणून ही यादी पिंजऱ्याच्या दारावर लावावी.

इशारा: उंदीर खाणे कोपऱ्यात साठवतात. वाटी रिकामी दिसली म्हणजे पोट भरले असे नाही, आणि साठा तसाच असताना वाटी पुन्हा भरली की ते फक्त आवडीचे वेचतात.

ओला झालेला कागद रोज काढावा आणि संपूर्ण पिंजरा आठवड्यातून एकदा सौम्य साबणाच्या पाण्याने धुवून कोरडा करावा. फिनेल अजिबात वापरू नये. सगळे कापड एकदम बदलू नये. वापरलेला एक तुकडा परत ठेवला, तर त्यांना आपल्या जागेचा वास मिळतो. नाहीतर ते लगेच सगळीकडे पुन्हा लघवीची खूण करतात आणि सफाई वाया जाते.

दर रविवारी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर भांडे ठेवून प्रत्येकाचे वजन घ्यावे. दहावा हिस्सा वजन उतरले, म्हणजे ४०० ग्रॅमचा उंदीर ३६० वर आला, तर डॉक्टरांकडे जावे. डोळ्यांभोवती किंवा नाकाला लाल काही दिसले, तर ते बहुधा रक्त नसते. डोळ्यांमागच्या ग्रंथीतला तो लाल स्राव असतो. झोपेतून उठल्यावर किंचित दिसणे चालते, पण रोज डाग पडत असतील तर उंदीर आजारी किंवा भेदरलेला आहे.

टप्पा ७: मुलाकडे कामे सोपवणे

पाच ते आठ वर्षांच्या मुलाने भाजी धुवावी, आपल्यासमोर वाटी भरावी आणि खाऊचे तुकडे पिंजऱ्यात लपवावेत. नऊ ते बारा वर्षांच्या मुलाकडे पाणी, खाणे, ओला कागद आणि वजनाची नोंद देता येते, पण प्रौढाने ती त्याच दिवशी पिंजऱ्यापाशी जाऊन पाहिली पाहिजे. तेरा वर्षांपुढे आठवड्याची सफाई आणि डॉक्टरांशी बोलणेही देता येते. तपासणी मात्र तेव्हाही सुटत नाही. एका वेळी एकच काम द्यावे, आणि ते दोन आठवडे नीट झाले की पुढचे.

मुलाला ‘खायला घातलेस का?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर न पाहताही ‘हो’ असे देता येते. ‘आज पाणी किती उतरले?’, ‘कोण आधी बाहेर आले?’, ‘काल लपवलेला मटार कोणी शोधला?’ असे विचारले की उत्तर देण्यासाठी पाहावेच लागते, आणि हळूहळू ते पाहणेच मुलाला आवडू लागते.

या टप्प्यावर मोठ्यांच्या हातून होणाऱ्या चुका मुलांच्या चुकांपेक्षा जास्त नुकसान करतात. पहिली म्हणजे ‘विसरला ना, आता त्यालाच कळू दे’ म्हणून पाणी न भरणे. मुलाच्या विसरण्याची शिक्षा यात उंदीर भोगतो. आधी पाणी भरावे, मग मुलाला हाक मारावी. दुसरी, पिंजऱ्याची सफाई शिक्षा म्हणून देणे; मग मुलाच्या मनात ते काम कायमचे शिक्षेच्या रांगेत बसते. तिसरी याच्या उलट, गुण कमी पडले म्हणून ‘आठवडाभर उंदरांना हात लावायचा नाही’ असे सांगणे, ज्यात पुन्हा एकटे पडतात ते उंदीरच. आणि चौथी, ‘ऐकले नाहीस तर देऊन टाकीन’ ही धमकी. ती ऐकत वाढलेल्या मुलाला जीव देऊन टाकता येतो हेच कळते.

टप्पा ८: उन्हाळा, सुट्टी आणि सण

एप्रिलपासून पिंजऱ्याशेजारी थर्मामीटर टांगावा. कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली, गार फरशीचा तुकडा आणि उथळ ताटलीत पाणी ठेवावे. उंदीर लोळागोळा झाला, तोंड उघडे ठेवून श्वास घेऊ लागला, लाळ गळू लागली, तर त्याला गार खोलीत न्यावे, पाय, कान आणि शेपूट साध्या गार पाण्याने ओले करावे आणि डॉक्टरांकडे निघावे. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये.

पावसाळ्यात कूलर बंद करावा. दमट हवेत कागद वाळत नाही आणि अमोनिया वाढतो, तेव्हा सफाई आठवड्यातून दोनदा लागते. गणपतीत धूप आणि ढोल, दिवाळीत फटाके यांपासून दूर, आतल्या खोलीत पिंजरा हलवावा.

मे महिन्यात पुण्या-मुंबईला जाताना ‘पुरेसे खाणे ठेवले आहे’ म्हणून पिंजरा बंद घरात सोडू नये, एका रात्रीपेक्षा जास्त तर नाहीच. शेजारच्या प्रौढाला निघण्यापूर्वी दोन दिवस बोलावून आपल्यासमोर सर्व कामे करून घ्यावीत, आणि तक्त्याचा फोटो रोज पाठवायला सांगावा.

टप्पा ९: दुर्लक्ष झालेच असेल तर

पुढील क्रम त्याच दिवशी पाळावा.

१. पिंजरा सावलीच्या, हवेशीर, शांत खोलीत आणावा.

२. बाटलीबरोबर उथळ ताटलीतही पाणी ठेवावे, सोबत काकडीचा तुकडा द्यावा. मलूल उंदराच्या तोंडात सिरिंजने पाणी सोडू नये. ते फुप्फुसात जाते.

३. पातळ शिजवलेला दलिया थोडा थोडा, दोन-तीन तासांनी द्यावा. उपाशी होता म्हणून एकदम ताट भरून देऊ नये.

४. ओला, कुजका थर काढून कोरडे कापड घालावे. अंघोळ घालू नये. अशक्त उंदीर ओला झाला की गारठतो, थंडीत तर नक्कीच.

५. मग तपासावे: वजन, डोळे-नाकाचे लाल डाग, वाढून वाकलेले दात, तळपायाच्या जखमा, खाजवून पडलेल्या खपल्या, पोटाखालची किंवा काखेतली गाठ. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात, त्यामुळे ते वाकले की समोर खाणे असूनही तो उपाशी राहतो.

६. श्वासाला आवाज येत असेल, कुशी भात्यासारख्या हलत असतील, मान एका बाजूला कलली असेल किंवा उंदीर खात नसेल, तर उद्यापर्यंत थांबू नये.

या सर्व कामांत मुलाला सोबत घ्यावे, पण त्याला गुन्हेगार ठरवू नये. ‘बघ तुझ्यामुळे काय झाले’ हे वाक्य ऐकलेले मूल पिंजऱ्यापासून आणखी लांब पळते. त्याच्या हाती वजनाची वही द्यावी. उतरलेले वजन आठवडाभरात कसे भरून येते ते त्यानेच लिहावे.

घरी सांभाळणे खरेच शक्य नसेल, तर दोन्ही उंदीर एकत्र, पिंजऱ्यासह आणि वजनाच्या नोंदींसह, जाणत्या घरी द्यावेत. बागेत, मोकळ्या मैदानात किंवा नाल्याकाठी सोडणे म्हणजे त्यांना मांजरांच्या आणि उपासमारीच्या हवाली करणे आहे. पिंजऱ्यात वाढलेल्या उंदराला बाहेर अन्न शोधता येत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ नुसार पाळलेल्या प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे आणि त्याला वाजवी कारणाशिवाय सोडून देणे, हे दोन्ही गुन्हे आहेत. मुलाला हेही सांगावे.

टप्पा १०: म्हातारपण

दुसऱ्या वर्षाच्या सुमारास अनेक उंदरांचे मागचे पाय लुळे पडू लागतात आणि माद्यांना स्तनांच्या गाठी होतात. पिंजऱ्याचे मजले खाली आणावेत, बाटली खालच्या पातळीवर बांधावी, खाणे मऊ द्यावे. गाठ दिसताच दाखवावी. ती लहान असताना डॉक्टरांसमोर पर्याय जास्त असतात. वेदना आवरत नसतील, तर शांत मृत्यू देण्याविषयी डॉक्टरांशी मोठ्यांनी बोलावे आणि मुलाला जे खरे आहे ते साध्या शब्दांत सांगावे. ‘तो गावाला गेला’ असे सांगू नये.

एक गेला की दुसरा एकटा उरतो. संसर्गाचा आजार नसेल, तर गेलेल्या जोडीदाराला त्याला काही मिनिटे हुंगू द्यावे. नाहीतर तो पिंजराभर शोधत राहतो. त्यानंतरचे दोन आठवडे घरातल्यांनी त्याच्यापाशी नेहमीपेक्षा जास्त बसावे, आणि त्याचे वजन रविवारची वाट न पाहता रोज घ्यावे.